एकाच मापाचीं दोन काडतुसें

शस्त्रांच्या इतिहासांत लढाया, तह आणि सेनापती यांचीं नांवें आपण पुष्कळ ऐकतों. परंतु खुद्द शस्त्राच्या पोटांत काय घडतें ह्याचा इतिहास सहसा कोणी सांगत नाहीं. त्यांतलें एक लहानसें प्रकरण आज मी आपणांपुढें मांडणार आहें. तें आहे आपोआप भरणाऱ्या पिस्तुलाचें, आणि त्या पिस्तुलांत त्याच्या ताकदीबाहेरचें काडतूस घातल्यानें जें घडत आलें त्याचें.

प्रथम दोन काडतुसें डोळ्यांपुढें आणा. दोन्हींचें पितळी कवच १९ मिलिमीटर लांब. दोन्हींच्या तोंडाशीं ९ मिलिमीटर व्यासाची गोळी. शस्त्रागारांतला जुना कारकूनही गोंधळावा इतकें त्यांचें साम्य. त्यांतलें एक १९०२ च्या सुमारास जर्मनींत तयार झालें. दुसरें १९१० सालीं इटलीच्या सैन्यानें पत्करलें. खरा भेद आहे तो आंतल्या दारूच्या मात्रेंत, म्हणजेच ती दारू पेटल्यावर उत्पन्न होणाऱ्या दाबांत. हा दाब बाहेरून दिसत नाहीं. जर्मन काडतूस इटालियन पिस्तुलांत विनासायास बसतें आणि चाप ओढला म्हणजे उडतेंही. न बसतें तर पुष्कळ बरें झालें असतें.

काडतुसाची रचना साधी आहे. पितळेचें कवच, बुडाशीं ठिणगी देणारी टोपी, मध्यें दारू आणि तोंडाशीं गोळी. घोड्याचा आघात झाला कीं टोपी पेटते, दारूचा वायु होतो, आणि तो वायु चोहोंकडे रेटा देतो: पुढें गोळीला, बाजूंना नळीच्या भिंतींना आणि मागें कवचाच्या बुडाला. शाळेंत मुलांना दाबाचा पाठ देतांना मी नेहमीं सायकलच्या पंपाचा दाखला देत असें. येथें तो अपुरा पडतो. मोटारीच्या चाकांत आपण हवा भरतों ती चौरस इंचास तीस-पस्तीस पौंडांची. ह्या जर्मन काडतुसाला अमेरिकन कारखानदारांच्या संस्थेनें आज जी कमाल मर्यादा घालून दिली आहे ती चौरस इंचास ३५,००० पौंडांची आहे. म्हणजे चाकांतल्या दाबाच्या हजारपट. हें सारें सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपास उरकतें. पण धातूला तडकावयास तेवढा वेळ पुरतो.

जुन्या बंदुकीची मागची बाजू शिपाई स्वतःच्या हातानें बंद करी आणि बार झाल्यावर स्वतःच्याच हातानें उघडी. आपोआप भरणाऱ्या पिस्तुलाची गोष्ट निराळी. १८८४ सालीं पॉल व्हिएल ह्या फ्रेंच रसायनज्ञानें बिनधुराची दारू सिद्ध केली आणि यंत्राच्या सांध्यांत बसणाऱ्या काजळीचा प्रश्न बव्हंशीं सुटला. त्यानंतर १८९३ सालीं बोर्शार्टचें पिस्तूल आलें, १८९६ सालीं माउझरचें, आणि १९०० सालीं स्वित्झर्लंडच्या सैन्यानें गेऑर्ग लुगर ह्याचें पिस्तूल घेतलें. ह्या सर्वांत युक्ति एकच: काडतुसाच्या बुडावर मागें जो रेटा येतो त्याच्याच जोरावर पिस्तुलाची मागची बाजू उघडावी, रिकामें कवच बाहेर फेकावें, घोडा चढवावा आणि पुढचें काडतूस नळीच्या मागल्या भागांत सारावें. ह्या मागल्या भागाला आपण आजच्यापुरतें काडतुसाचें 'घर' म्हणूं.

आतां ह्या घराचें दार केव्हां उघडावें, हा सगळा कळीचा मुद्दा आहे. काडतूस दुबळें असेल तर दाराला कडी नसली तरी चालतें. जड दार आणि मागची स्प्रिंग एवढ्यानेंच तें क्षणभर रोखून धरतां येतें. काडतूस जोरकस असेल तर मात्र दाराला कडी हवी, आणि गोळी नळीबाहेर पडून दाब उतरेपर्यंत ती सुटतां कामा नये. यंत्र बनविणारा कारागीर एका ठराविक दाबाचा हिशेब मनाशीं धरून दाराचें वजन, स्प्रिंगची ताठरता आणि कडीची जाडी ठरवीत असतो. दाब त्याहून वाढला म्हणजे दार वेळेआधीं आणि नको तितक्या जोरानें उघडतें. पितळेचें कवच अर्धवट बाहेर आलेलें असतें; त्याला आधार नसतो; तें फुगतें, कधीं फाटतें, आणि तापलेला वायु खालच्या मॅगझीनवाटे थेट मुठींत शिरतो.

एवढी प्रस्तावना झाल्यावर इटलीकडे वळूं.

लुगरचें पहिलें काडतूस ७.६५ मिलिमीटर गोळीचें होतें. सैन्याला अधिक मोठी गोळी हवी, म्हणून त्यानें त्या कवचाचें चिंचोळें तोंड रुंद केलें आणि त्यांत ९ मिलिमीटरची गोळी बसविली. जर्मन आरमारानें हें काडतूस १९०४ सालीं आणि भूसेनेनें १९०८ सालीं स्वीकारलें. 'पॅराबेलम' हें त्याचें नांव म्हणजे मूळचा त्या बर्लिनच्या कंपनीचा तारेचा पत्ता. इटलीच्या सैन्यालाही ९ मिलिमीटरचीच गोळी हवी होती. परंतु ब्रेशिया परगण्यांतल्या ग्लिसेंटी कंपनीचें जें पिस्तूल त्यांच्यापुढें होतें त्याची मूळ आंखणी ७.६५ मिलिमीटरच्या गोळीसाठीं झालेली होती. दिसावयास तें लुगरच्या पिस्तुलासारखें ऐटबाज. आंतून मात्र बरेंच नाजूक. दाराला कडी होती, पण ती म्हणजे एक लहानशी फिरती पाचर. शिवाय साफसफाईच्या सोयीसाठीं त्याची डावी बाजू डब्याच्या झांकणाप्रमाणें सगळीच्या सगळी सुटी होत असे. त्यामुळें सांगाड्याची खरी मजबुती काय ती उजव्या अंगाला. घड्याळ दुरुस्त करणाऱ्यास अशी सोय फार आवडेल. स्फोट सोसणाऱ्या वस्तूस ती शोभत नाहीं.

अधिकाऱ्यांपुढें दोन मार्ग होते. पिस्तूल बळकट करावें, किंवा काडतूस हलकें करावें. त्यांनीं दुसरा मार्ग धरला. तो मुळांत वावगा नव्हता. जगांत हलक्या काडतुसांचीं उत्तम पिस्तुलें पुष्कळ झालीं आहेत. पण काडतूस हलकें करतांना त्याचें माप मात्र जर्मन काडतुसाचेंच राहूं दिलें. कवच आणि त्याचें घर दोन मिलिमीटरनें आंखूड केलें असतें तर जर्मन काडतूस त्या घरांत पुरतें शिरलेंच नसतें, आणि मला आज हें भाषण करण्याचें कारण उरलें नसतें. माझ्या मतें सगळ्या प्रकरणाचें मूळ ह्या एका निर्णयांत आहे. त्या अधिकाऱ्यांच्या बाजूनें एवढें म्हणतां येईल कीं, परक्या देशाचें काडतूस आपल्या शिपायाच्या कमरपट्ट्यांत येऊन पडेल, हें १९१० च्या शांततेंत कोणाच्या मनांत यावें?

पांच वर्षांतच इटली महायुद्धांत उतरली. समोर होते ऑस्ट्रियाचे शिपाई, आणि त्यांचें ९ मिलिमीटरचें काडतूस २३ मिलिमीटर लांब कवचाचें असल्यामुळें तें इटालियन पिस्तुलांत बसण्याचा संभवच नव्हता. जर्मन पलटणी त्या आघाडीवर मोठ्या प्रमाणांत आल्या त्या १९१७ च्या ऑक्टोबरांत, कॅपोरेट्टोच्या लढाईच्या वेळीं. दरम्यान इटलीनें त्याच हलक्या काडतुसासाठीं आणखी शस्त्रें काढलीं: १९१५ सालचें बेरेटा पिस्तूल आणि व्हिलार पेरोसा नांवाची जोडनळीची लहान मशीनगन. अशा रीतीनें जें एका पिस्तुलाच्या दुबळेपणामुळें पत्करलें तें साऱ्या सैन्याचें माप होऊन बसलें.

त्याच सुमारास जर्मनांपुढेंही असाच एक घोटाळा उभा राहिला होता. त्यांनीं तो कसा सोडविला तें पाहण्याजोगें आहे. १९१६ सालीं लुगर पिस्तुलें अपुरीं पडूं लागलीं, तेव्हां जर्मन सरकारनें माउझर कंपनीकडे दीड लाख पिस्तुलांची मागणी नोंदविली. माउझरचें नेहमींचें काडतूस ७.६३ मिलिमीटरचें, हीं नवीं पिस्तुलें मात्र सैन्याच्या ९ मिलिमीटर काडतुसासाठीं. बाहेरून दोन्ही पिस्तुलें अगदीं एकसारखीं. तेव्हां लांकडी मुठीवर नऊचा भला मोठा आंकडा कोरून तो तांबड्या रंगानें भरण्यांत आला. अंधुक खंदकांतल्या शिपायालाही तो दिसावा. आज संग्राहक ह्या पिस्तुलाला 'तांबडा नऊ' ह्याच नांवानें ओळखतात. उपाय स्वस्त होता आणि शिपायाच्या डोळ्यांपुढें होता. इटालियन पिस्तुलावर असा कांहींएक इशारा नव्हता.

पुढें १९३८ सालीं बेरेटा कंपनीच्या तुलिओ मारेंगोनी ह्यानें एक उत्कृष्ट सबमशीनगन तयार केली. तिला जोरदार काडतूस हवें होतें, म्हणून तिच्यासाठीं पॅराबेलमच्या तोडीची भरणी असलेलें नवें काडतूस निघालें. कवच तेंच, १९ मिलिमीटरचें. म्हणजे ज्या काडतुसाची भीति ती आतां परदेशांतून येण्याची गरज उरली नाहीं. इटलीचे स्वतःचेच कारखाने तें काढूं लागले, आणि जुनीं ग्लिसेंटी पिस्तुलें तर अद्याप वापरांत होतींच. सप्टेंबर १९४३ त इटलीनें शस्त्रसंधि केल्यावर उत्तर भाग जर्मनांच्या ताब्यांत गेला. डोंगरांतल्या बंडखोर टोळ्यांना जें शस्त्र सांपडेल तें आणि जें काडतूस मिळेल तें घेऊन लढणें भाग पडलें. त्याच मुलुखांत आपल्या मराठा पलटणीही लढत होत्या. जुलै १९४४ त टायबर नदीच्या खोऱ्यांत यशवंत घाडगे ह्यांना वीरमरण आलें, आणि एप्रिल १९४५ त सेनिओ नदीच्या कांठीं नामदेव जाधव ह्यांनीं आपल्या जखमी सोबत्यांना गोळ्यांच्या वर्षावांतून उचलून आणलें. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, हें आपणांपैकीं पुष्कळांना ठाऊक असेल.

युद्ध संपलें तेव्हां कित्येक अमेरिकन व इंग्रज शिपायांनीं इटालियन पिस्तुलें आठवण म्हणून घरीं नेलीं. शिपाई गेला, पिस्तूल कपाटांत राहिलें. आणि त्या देशांत दुकानांत मिळणारें ९ मिलिमीटरचें काडतूस कोणतें? तर पॅराबेलम.

अमेरिकेचें नांव निघालें आहे, तर तेथें हाच प्रकार, युद्धाची कसलीही सबब नसतां, कसा घडला तेंही सांगितलें पाहिजे. कोल्ट कंपनीनें जॉन ब्राउनिंग ह्याच्या आंखणीचें पहिलें आपोआप भरणारें पिस्तूल १९०० सालीं विक्रीस काढलें. काडतूस होतें ३८ बोअरचें. ह्या पिस्तुलाची वरची सरकती स्लाइड पुढच्या टोंकाशीं एका आडव्या पाचरेनें अडकवलेली असे. ती पाचर तुटली अथवा कोणी बसवावयास विसरला, तर स्लाइडला मागें अडविणारें कांहीं उरत नसे. आणि मागें असतो तो बार काढणाराचा चेहरा. ब्राउनिंगनें पुढें १९११ च्या पिस्तुलांत ही रचनाच बदलली. तरी जुन्या घडणीचीं ३८ बोअरचीं पिस्तुलें १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत विकलीं जात होतीं.

१९२९ सालीं कोल्टनें '३८ सुपर' नांवाचें नवें काडतूस बाजारांत आणलें. दारूबंदीचा तो काळ. दरोडेखोर मोटारींतून पळत, आणि पोलिसांना मोटारीच्या पत्र्यांतून आरपार जाणारी गोळी हवी होती. नवें काडतूस १९११ च्या मजबूत पिस्तुलासाठीं होतें आणि तेथें तें सर्वथा योग्य होतें. पण कवचाचें माप जुन्या ३८ चेंच! आजच्या मर्यादा सांगावयाच्या तर जुन्या काडतुसाला चौरस इंचास २६,५०० पौंड आणि सुपरला ३६,५०० पौंड. पाचरेच्या भरंवशावर उभ्या असलेल्या पिस्तुलांत हे जास्तीचे दहा हजार पौंड कोठें जाणार? ज्या कंपनीनें तीं जुनीं पिस्तुलें स्वतः विकलीं होतीं तिनेंच त्यांत बसेल असें घातक काडतूस बाजारांत आणावें, ह्याचें मला नवल वाटतें.

नवल अशासाठीं कीं सहाच वर्षांनीं दुसऱ्या एका कंपनीनें ह्याच कोड्याचें सरळ उत्तर काढलें. स्मिथ अँड वेसन कंपनीच्या ३८ बोअर रिव्हॉल्व्हरसाठीं १९३० च्या सुमारास जादा भरणीचीं काडतुसें निघालीं होतीं आणि तीं जुन्या, हलक्या रिव्हॉल्व्हरांतही बसत. धोका ध्यानांत आला. म्हणून १९३५ सालीं '३५७ मॅग्नम' काढतांना कवच सुमारें एक अष्टमांश इंच लांब केलें. आतां नवें काडतूस जुन्या रिव्हॉल्व्हरच्या चक्रांत पुरतें शिरेना. वाचतां न येणारा मनुष्यही ही सूचना डावलूं शकत नाहीं. कोल्टच्या बाबतींत मात्र पुढें १९७४ सालीं सुपर काडतुसाच्या बुडावर 'प्लस पी', म्हणजे अधिक दाब, अशी खूण घालण्याची पद्धत पडली. तोंवर पंचेचाळीस वर्षें उलटलीं होतीं. ही खूण वाचावी लागते, तिचा अर्थ ठाऊक असावा लागतो आणि हातांतलें पिस्तूल कोणत्या वर्षाचें हेंही माहीत असावें लागतें. ९ मिलिमीटरच्या पॅराबेलम काडतुसाचाही आज असा 'प्लस पी' प्रकार आहे. त्याची मर्यादा ३८,५०० पौंड. त्याहूनही चढा 'प्लस पी प्लस' म्हणून एक प्रकार निघतो, त्याला त्या संस्थेनें ठरवून दिलेली कसलीच मर्यादा नाहीं.

येथें कोणी म्हणेल, नळ्यांची सरकारी कसोटी होते ना? होते. लंडनच्या बंदूककारांच्या मंडळाला १६३७ सालीं सनद मिळाली. बेल्जममधील लिएज येथें १६७२ पासून कसोटीघर आहे. बर्मिंगहॅमचें १८१३ सालीं कायद्यानें स्थापन झालें. नव्या शस्त्रांत मुद्दाम जादा दाबाचें काडतूस उडवितात, आणि तें टिकलें तर त्यावर शिक्का मारतात. युरोपांतल्या संयुक्त नियमांप्रमाणें पिस्तुलाच्या कसोटीचा दाब नेहमींच्या मर्यादेच्या सुमारें तीस टक्के अधिक असतो. ह्यावरून पुष्कळांची समजूत होते कीं, तीस टक्क्यांपर्यंत कांहीं चिंता नाहीं. ही समजूत खोटी आहे. कसोटी होते ती एक-दोन बारांची. पूल उद्घाटनाच्या दिवशीं भरलेल्या मालगाडीखालीं टिकला म्हणून रोज तितकें वजन त्यावरून न्यावें असा त्याचा अर्थ होत नाहीं.

आणि पिस्तूल पहिल्याच बाराला फुटतें असें थोडेंच आहे? बहुधा फुटत नाहीं. जुन्या ग्लिसेंटीतून पॅराबेलमचीं दहा-वीस काडतुसें उडवून 'पाहा, कांहीं झालें नाहीं' असें म्हणणारे पुष्कळ निघतात. झालेलें असतें, पण दिसत नाहीं. लोखंडी तार पुनः पुन्हां वांकविली म्हणजे ती विसाव्या वेळीं तुटते; एकोणिसाव्या वेळीं ती धड होती असें आपण म्हणूं काय? कडीच्या कोपऱ्याशीं केसाएवढी भेग पडते, प्रत्येक बारास ती किंचित् लांबते, सांधा खिळखिळा होतो, आणि एके दिवशीं दार कडीसकट मागें येतें.

ह्याचा अगदीं अलीकडचा दाखला त्याच ब्रेशिया परगण्यांतल्या बेरेटा कंपनीचा आहे. १९८५ सालीं अमेरिकन सैन्यानें तिचें ९ मिलिमीटरचें पिस्तूल निवडलें. तें ग्लिसेंटीसारखें दुबळें मुळींच नव्हतें. पॅराबेलमसाठींच घडविलेलें होतें. अमेरिकन आरमाराचीं कांहीं निवडक पथकें सरावाला अतोनात गोळीबार करीत असत. १९८७ च्या सुमारास त्या पथकांतल्या पिस्तुलांच्या स्लाइड मधोमध तुटून मागचा तुकडा उडाल्याचे प्रकार घडले आणि त्यांत सैनिकांच्या तोंडाला इजा झाली. सैन्याच्या प्रयोगशाळेंत मुद्दाम गोळीबार करून पाहिला, तेव्हां आणखी कित्येक स्लाइडना भेगा गेल्या. कंपनीचें म्हणणें असें कीं, वापरलेल्या दारूगोळ्याचा दाब प्रमाणाबाहेर होता. तपासणाऱ्यांचें बोट इटलींत घडविलेल्या कांहीं स्लाइडच्या पोलादाकडे होतें. अमेरिकन संसदेच्या हिशेब-तपासणी कचेरीनें १९८८ सालीं ह्यावर अहवाल दिला, तरी वाद पुरता मिटला नाहीं. मला स्वतःला वाटतें कीं दोन्ही गोष्टी परस्परविरुद्ध नव्हत्या. चांगलें पोलाद जादा दाब अधिक काळ सोसतें, आणि योग्य दाबाखालीं उणें पोलादही पुष्कळ दिवस निभावतें. दोन्हीकडून ओढ लागली कीं धातूचा हिशेब लवकर संपतो.

वाद बाजूस ठेवून बेरेटाच्या यंत्रज्ञांनीं एक बदल केला. घोड्याचा जो खिळा सांगाड्यांत बसतो त्याचें डोकें त्यांनीं मोठें केलें आणि स्लाइडला आंतल्या अंगानें तेवढीच खांच पाडली. स्लाइड धड असतांना त्या खिळ्याचें कांहींच काम नसतें. ती तुटून मागें धांवली तर मात्र खांचेचें टोंक खिळ्याच्या डोक्यावर येऊन अडतें, आणि तुकडा पिस्तुलावरच राहतो.